अमेरिकेचे यादवी युद्ध : कागद काय सांगतात?

(बुद्धविहारातील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या खेपेस ह्याच अभ्यासवर्गात कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने मला प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, “वकीलसाहेब, अमेरिकेत यादवी युद्ध झाले ते गुलामगिरीवरून झाले, असे आपण नेहमी ऐकतो. पण मी वाचले की ते राज्यांच्या हक्कांसाठी झाले. गुलामगिरी केवळ निमित्त होती. खरे कोणते?” मी त्याला त्या दिवशी उत्तर दिले नाही. कागद पाहिल्यावाचून मत देऊ नये, अशी आमच्या धंद्याची रीत आहे. आज मी कागद पाहून आलो आहे.

हा प्रश्न नुसत्या पुस्तकी कुतूहलाचा आहे असे कोणी समजू नये. ते युद्ध गुलामगिरीसाठी नव्हते असे एकदा ठरले, म्हणजे चाळीस लाख गुलाम त्या खटल्यातले पक्षकारच राहात नाहीत. दोन गोऱ्या बाजूंमधला तो तंटा ठरतो आणि गुलामांची मुक्ती ही त्यातून अनायासे पडलेली भीक ठरते. म्हणून पुरावा नीट तपासला पाहिजे.

प्रथम गुलाम म्हणजे काय, ते कायद्याच्या भाषेत समजून घेऊ. गुलाम हा नोकर नव्हता, वेठबिगारही नव्हता. तो मिळकत होता. त्याचे खरेदीखत होई, तो गहाण पडे, मालकाच्या कर्जापायी त्याचा लिलाव होई, वारसांत त्याची वाटणी होई. त्याचे लग्न कायद्याला ठाऊक नव्हते. व्हर्जिनियात १६६२ सालीच असा कायदा झाला होता की मुलाची अवस्था आईच्या अवस्थेवरून ठरेल. म्हणजे गुलाम बाईचे मूल, त्याचा बाप प्रत्यक्ष मालक असला तरी, जन्मतःच मालकाच्या मालमत्तेत जमा. दक्षिणेतील बहुतेक राज्यांत गुलामाला लिहावाचावयास शिकविणे हा गुन्हा होता. हे ऐकून ह्या विहारात बसलेल्या कोणाही वडीलधाऱ्याला नवल वाटेल असे मला वाटत नाही. १८६० च्या खानेसुमारीत अशी ३९ लाख ५३ हजारांवर माणसे मोजली गेली. दक्षिण कॅरोलिना आणि मिसिसिपी ह्या दोन राज्यांत तर स्वतंत्र माणसांपेक्षा गुलामांची संख्याच अधिक होती.

आता त्या देशाची घटना पाहा. १७८७ साली ती लिहिणारी मंडळी शब्दांच्या बाबतीत फार सावध होती. मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द एकदाही आलेला नाही. परंतु गुलामगिरी मात्र तीन ठिकाणी बसविलेली आहे. राज्याचे प्रतिनिधी किती हे ठरविताना ‘इतर सर्व व्यक्तीं’पैकी तीनपंचमांश मोजावयाच्या, १८०८ पूर्वी अशा ‘व्यक्तीं’च्या आयातीवर बंदी घालावयाची नाही, आणि एका राज्यात ‘सेवेस बांधलेली व्यक्ती’ दुसऱ्या राज्यात पळून गेली तर ती परत करावयाची. ज्याला मताचा हक्क नाही त्याच्या डोक्यांची गणती करून त्याच्या मालकाचे प्रतिनिधी वाढवावयाचे, असा हा हिशेब. आमच्याकडे दस्तऐवजात एखादी लाजिरवाणी अट घालावयाची असली म्हणजे पक्षकार तिला नाव न देता आडवळणाने लिहून घेतात. त्यातलाच हा प्रकार.

सत्तर वर्षे हा दस्तऐवज कसाबसा चालला. देश पश्चिमेकडे वाढत गेला, आणि नव्या मुलुखात गुलामगिरी न्यावयाची की नाही ह्यावर दर दहावीस वर्षांनी भांडण पेटे. १८२० साली एक तडजोड झाली, १८५० साली दुसरी, १८५४ साली पहिली तडजोड मोडली. त्यांचा तपशील मी सांगत बसत नाही. मात्र एका दाव्यावर थांबणे जरूर आहे.

त्या दाव्यातील वादी ड्रेड स्कॉट. मिसूरी राज्यातला हा गुलाम. त्याचा मालक लष्करात डॉक्टर होता. त्याने स्कॉटला आपल्याबरोबर इलिनॉय राज्यात नेले, पुढे उत्तरेकडील विस्कॉन्सिनच्या मुलुखात नेले. ह्या दोन्ही ठिकाणी कायद्याने गुलामगिरी नव्हती. तेथे त्याने वर्षानुवर्षे काढली, हॅरिएट नावाच्या स्त्रीशी लग्न केले. परत मिसूरीत आणल्यावर, १८४६ साली, नवराबायकोंनी सेंट लुई येथील न्यायालयात दावा लावला की, आम्ही मुक्त भूमीवर राहिलेलो आहोत, सबब आम्ही मुक्त आहो. अक्षरशत्रू माणसाने लावलेला हा दावा अकरा वर्षे चालला आणि ६ मार्च १८५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश रॉजर टॉनी ह्यांनी निकाल दिला.

सात विरुद्ध दोन अशा बहुमताने दिलेल्या त्या निकालाचा आशय असा : आफ्रिकी वंशाचा माणूस, मग तो गुलाम असो वा मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, सबब त्याला ह्या न्यायालयात दावा लावण्याचा अधिकारच नाही. वास्तविक येथे निकाल संपावयास हवा होता. ज्याचा दावा चालण्यासारखा नाही त्याच्या दाव्यातील इतर मुद्द्यांवर बोलण्याचे न्यायाधीशास प्रयोजन नसते. पण टॉनीसाहेब थांबले नाहीत. गुलाम ही मिळकत आहे, आणि कोणाचीही मिळकत योग्य कायदेशीर रीतीवाचून हिरावून घेता येत नाही, म्हणून नव्या मुलुखात गुलामगिरीस बंदी करण्याचा अधिकार काँग्रेसलाही नाही, असे त्यांनी ठरविले. व्यक्तीच्या रक्षणासाठी घटनेत घातलेले कलम व्यक्तीला मिळकत ठरवून तिच्याच विरुद्ध वापरले गेले. मी पुष्कळ निकालपत्रे वाचली आहेत. इतक्या शुद्ध भाषेत लिहिलेले इतके अशुद्ध निकालपत्र माझ्या पाहण्यात नाही. विरोधी मत देणाऱ्या दोघांपैकी न्यायमूर्ती कर्टिस ह्यांनी पुढे पदाचा राजीनामा दिला. ड्रेड स्कॉटला त्याच्या नव्या मालकाने त्याच वर्षी मे महिन्यात मुक्त केले. पुढच्याच वर्षी तो वारला.

ह्या निकालाने तडजोडीची वाट बुजली. नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. त्यांच्या पक्षाचे म्हणणे गुलामगिरी नष्ट करा असे नव्हते. ती आहे तेथे राहो, नव्या मुलुखात पसरू नये, एवढेच होते. तेवढेही दक्षिणेला सहन झाले नाही. २० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलिना संघराज्यातून फुटून निघाली. एकंदर अकरा राज्ये फुटली.

आता त्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे वळू. ही राज्ये कशासाठी फुटली, हे कोणाला विचारावयाचे? युद्ध हरल्यावर आत्मचरित्रे लिहिणाऱ्या सेनापतींना की फुटतेवेळी त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या कागदांना? कोणतेही न्यायालय तंटा उपस्थित होण्यापूर्वीच्या कागदाला अधिक वजन देईल. हे कागद आहेत. चार राज्यांनी तर आपली कारणे सविस्तर लिहून प्रसिद्ध केली. मिसिसिपी राज्याच्या जाहीरनाम्यात आरंभीच सांगितले आहे की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित आहे. दक्षिण कॅरोलिनाने २४ डिसेंबरला केलेल्या तक्रारी वाचण्यासारख्या आहेत. उत्तरेकडील राज्ये पळालेले गुलाम परत करीत नाहीत. न्यूयॉर्कमधून गुलाम घेऊन जाणेसुद्धा अशक्य झाले आहे. काही राज्यांनी तर काळ्या माणसांना नागरिकत्व देऊन त्यांची मते मोजली आहेत!

मित्रहो, ह्या तक्रारी पुन्हा ऐका. ही राज्यांच्या हक्कांची मागणी आहे काय? न्यूयॉर्कने आपल्या हद्दीत कोणता कायदा चालवावा हा न्यूयॉर्कचा हक्क नव्हे काय? वस्तुतः दक्षिणेची तक्रार हीच होती की उत्तरेची राज्ये आपले हक्क वापरतात. १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा पाहा. तो मध्यवर्ती सरकारचा कायदा होता आणि दक्षिणेने तो हट्टाने करवून घेतला होता. त्याखाली पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येत नसे. त्याला ज्यूरी मिळत नसे. आणि निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याने माणूस मालकाच्या हवाली केला तर त्याला १० डॉलर फी, मुक्त केला तर ५ डॉलर! रस्त्याने जाणाऱ्या कोणाही नागरिकाला पाठलागात सामील होण्याचा हुकूम देता येई. विस्कॉन्सिन राज्याच्या न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला, तेव्हा १८५९ साली सर्वोच्च न्यायालयाने, त्याच टॉनीसाहेबांच्या लेखणीने, राज्याला असा अधिकार नाही असे बजावले. दक्षिणेने तेव्हा राज्याच्या हक्कांसाठी अश्रू ढाळले नाहीत.

आणखी एक दस्तऐवज दाखल करतो. फुटलेल्या राज्यांनी १८६१ साली स्वतःची घटना केली. ती बहुतांशी जुन्या घटनेचीच नक्कल आहे. पण जुन्या घटनेतील लाज तिच्यात नाही. तेथे ‘गुलाम’ हा शब्द उघडपणे लिहिलेला असून, काळ्या गुलामांवरील मालकी हक्काला बाध आणणारा कोणताही कायदा करता येणार नाही असे कलम आहे. त्यांच्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स ह्यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथे भाषण करून सांगितले की, माणसे समान आहेत हा जुना समज चुकीचा होता. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, ह्या सत्यावर आमच्या नव्या राज्याची कोनशिला बसविलेली आहे. प्रतिवादीने भर सभेत दिलेल्या कबुलीजबाबानंतर फिर्यादीने आणखी काय सिद्ध करावयाचे राहते?

मात्र दुसरी बाजूही तितक्याच कठोरपणे तपासली पाहिजे. दक्षिण गुलामगिरी राखण्यासाठी लढली. म्हणून उत्तर ती मोडण्यासाठी लढली, असे होत नाही. १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्स्टन बंदरातील सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या, तेव्हा लिंकन ह्यांचा हेतू संघराज्य राखणे एवढाच होता. आहे तेथील गुलामगिरीस मी हात लावणार नाही, असे त्यांनी अध्यक्षपद स्वीकारताना स्वच्छ सांगितले होते. त्यांच्या एका सेनापतीने मिसूरीत बंडखोरांचे गुलाम मुक्त केल्याचे जाहीर केले, तो हुकूम लिंकन ह्यांनीच फिरविला. मग हे युद्ध गुलाममुक्तीचे युद्ध झाले कसे? त्याचे उत्तर राजधानीत सापडत नाही. ते व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर सापडते.

तेथे मन्रो नावाचा किल्ला संघराज्याच्या सैन्याकडे राहिला होता. २३ मे १८६१ च्या रात्री तीन गुलाम एका होडीतून तेथे आले. फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी ही त्यांची नावे. त्यांचा मालक बंडखोर सैन्यात कर्नल होता आणि त्याने त्यांना तोफांचा मोर्चा बांधण्यास लावले होते. त्यांना बायकामुलांपासून तोडून आणखी दक्षिणेस नेण्याचे घाटत होते. किल्ल्याचे सेनापती बेंजामिन बटलर हे मूळचे वकील. ते काही गुलामांचे कैवारी म्हणून प्रसिद्ध नव्हते. दुसऱ्या दिवशी पांढरे निशाण घेऊन मालकाच्या वतीने एक अधिकारी आला आणि १८५० च्या कायद्याप्रमाणे गुलाम परत मागू लागला. बटलर म्हणाले, तुमचे राज्य तर आता स्वतःला परराष्ट्र म्हणविते. परराष्ट्राला आमच्या देशाचा कायदा कसा लागू होईल? मालकाने येऊन संघराज्याशी एकनिष्ठतेची शपथ घ्यावी आणि आपली माणसे न्यावी. शिवाय तुम्हीच म्हणता की ही माणसे मिळकत आहेत. शत्रू जी मिळकत युद्धाच्या कामी वापरतो ती जप्त करता येते. सबब मी ती जप्त केली आहे.

हा युक्तिवाद वकिली बुद्धीचा उत्तम नमुना आहे ह्यात शंका नाही. पण त्यातील अपुरेपणाही ध्यानात घ्या. बटलर ह्यांनी त्या तिघांना माणसे म्हटले नाही, जप्तीचा माल म्हटले. तरी बातमी पसरली. दोन दिवसांत आणखी माणसे आली, मग बायका आल्या, म्हातारे आले, कडेवर मुले घेतलेल्या आया आल्या. ज्या तान्ह्या मुलाने कोणताही मोर्चा बांधला नाही ते ‘युद्धसामग्री’ कसे? बटलर ह्यांना वरिष्ठांकडे विचारणा करावी लागली. ऑगस्ट १८६१ मध्ये काँग्रेसने जप्तीचा कायदा केला. मार्च १८६२ मध्ये सैन्याने पळालेले गुलाम परत करू नयेत असा कायदा केला. जुलैमध्ये बंडखोरांचे आश्रयास आलेले गुलाम मुक्त समजावेत असा कायदा केला. कायदा पुढे चालत नव्हता, बंधूंनो. तीन माणसांनी होडी वल्हवली आणि कायदा त्यांच्या मागून धापा टाकीत आला.

अशीच दुसरी एक गोष्ट चार्ल्स्टन बंदरातली. रॉबर्ट स्मॉल्स हा २३ वर्षांचा गुलाम ‘प्लँटर’ नावाच्या बंडखोरांच्या आगबोटीवर सुकाणू धरण्याचे काम करी. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपावयास गेले असता त्याने बोट सोडली, वाटेत आपली व सोबत्यांची बायकामुले घेतली, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली आणि अंधुक उजेडात एकेका किल्ल्याला बरोबर इशाऱ्याची शिटी देत तो पुढे निघाला. सम्टर किल्लाही त्याने तसाच ओलांडला. तोफांच्या टप्प्याबाहेर जाताच पांढरी चादर फडकावून त्याने ती बोट, तोफांसह आणि सुमारे १६ माणसांसह, संघराज्याच्या आरमाराच्या स्वाधीन केली. काळा माणूस स्वातंत्र्य हाताळण्यास लायक नाही असे म्हणणारांना ह्याहून सडेतोड उत्तर मला ठाऊक नाही.

युद्ध लांबले, प्रेतांचे ढीग पडले, आणि संघराज्य राखावयाचे तर शत्रूच्या शेतात राबणारे हे हात आपल्याकडे वळविले पाहिजेत, हे लिंकन ह्यांना उमगले. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा आपण सर्वांनी ऐकलेला आहे. पण तो फार थोड्यांनी वाचलेला असतो. तो फक्त बंडखोर मुलुखाला लागू होता. केंटकी, मिसूरी, मेरिलँड, डेलावेअर ही गुलामगिरी असलेली परंतु संघराज्यात राहिलेली राज्ये त्यातून वगळलेली होती. कागद काटेकोर, भाषा कोरडी, आधार सेनापतीच्या युद्धकालीन अधिकाराचा. तरीही त्यात एक वाक्य असे होते की त्याने युद्धाचे स्वरूप पालटले. काळ्या माणसांना सैन्यात घेतले जाईल, हे ते वाक्य.

सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक पायदळात व तोफखान्यात आले. आरमारात आणखी हजारो. त्यांतले बहुसंख्य कालपर्यंतचे गुलाम. सुमारे ४० हजार मरण पावले, बरेचसे रोगराईने. आणि ह्या सैनिकांना पगार किती? गोऱ्या शिपायास महिना १३ डॉलर. काळ्यास १०, आणि त्यांतून कपड्यांचे ३ कापून हातात ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने १८ जुलै १८६३ रोजी वॅग्नर किल्ल्यावरील हल्ल्यात आपली शेकडो माणसे गमावली. त्या पलटणीने हा अपुरा पगार घेण्याचेच नाकारले. घरी बायकामुले उपाशी असताना त्यांनी वर्षभर दमडीला हात लावला नाही. राज्य सरकार वरची तूट भरून देण्यास तयार झाले, तेही त्यांनी घेतले नाही. प्रश्न डॉलरचा नव्हता, बरोबरीचा होता. अखेर जून १८६४ मध्ये काँग्रेसने पगार सारखा केला. महाडच्या तळ्यावर माणसे पाण्याला मोताद झाली म्हणून गेली नव्हती, हे ज्यांना समजते त्यांना ह्या पलटणीचा उपवास समजावून सांगण्याची गरज नाही.

जाता जाता एक हिशेब सांगतो. राजधानीच्या जिल्ह्यातील गुलाम एप्रिल १८६२ मध्ये कायद्याने मुक्त झाले, तेव्हा एकनिष्ठ मालकांना दरडोई ३०० डॉलरपर्यंत नुकसानभरपाई देण्यात आली. कोणाचे नुकसान झाले, हे त्या कायद्याने असे ठरविले.

त्या काळी आमच्या मुंबईलाही ह्या युद्धाची वार्ता होती, पण ती कापसाच्या भावाने. अमेरिकेचा कापूस लँकेशायरला जाईना म्हणून आमच्या कापसाला सोन्याचे मोल आले, मुंबईत सट्ट्याचा पूर आला, आणि १८६५ साली लढाई थांबताच तो सारा डोलारा कोसळला. मुंबईचे शेटजी तिकडच्या युद्धात भाव वाचीत होते. पुण्यात जोतिराव फुले माणसे वाचीत होते. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो, गुलामांना दास्यातून सोडविण्याच्या कामी औदार्य व स्वार्थत्याग दाखविणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना, आदरपूर्वक अर्पण केला. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. त्यांच्या हाती त्या वेळी जी माहिती आली असेल तीवरून ही कृतज्ञता सर्वथा योग्यच होती. परंतु त्याच १८७३ साली तिकडे काय चालले होते, ते आता पाहावयाचे आहे.

९ एप्रिल १८६५ रोजी बंडखोरांचे सेनापती ली शरण आले. पाच दिवसांनी लिंकन ह्यांच्यावर गोळी झाडली गेली. ह्या युद्धात मेलेल्यांची संख्या सव्वासहा लाखांच्या आसपास धरीत. अलीकडील अभ्यासक ती साडेसात लाखांपर्यंत असावी असे म्हणतात. डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. ‘गुलामगिरी’ हा शब्द अमेरिकेच्या घटनेत प्रथम आला तो ती रद्द करण्यासाठी. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने देशात जन्मलेला प्रत्येक जण नागरिक ठरला आणि ड्रेड स्कॉटचा निकाल मातीत गेला. कायद्याचे समान संरक्षण हे शब्द त्याच दुरुस्तीतले. आपल्या घटनेच्या चौदाव्या कलमात तुम्हांस तेच भेटतील. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी झाली. त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे काळे गृहस्थ सिनेटमध्ये बसले.

पण पोटाचे काय? जानेवारी १८६५ मध्ये सव्हाना येथे सेनापती शर्मन ह्यांनी वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून विचारले होते की तुम्हांस काय हवे. त्यांचे पुढारी गॅरिसन फ्रेझियर ६७ वर्षांचे होते; आठ वर्षांपूर्वी त्यांनी पैसे भरून स्वतःला व पत्नीला विकत घेतले होते. त्यांनी सांगितले : आम्हांला जमीन द्या; ती आम्ही आमच्या श्रमाने कसू आणि आमचे आम्ही पाहून घेऊ. चार दिवसांत शर्मन ह्यांनी हुकूम काढला, किनाऱ्यालगतची सुमारे चार लाख एकर जमीन राखून ठेवली, कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत देण्याचे ठरले, आणि सुमारे ४० हजार माणसे तेथे वसलीही. वर्ष संपण्यापूर्वी लिंकन ह्यांचे वारस अँड्रयू जॉन्सन ह्यांनी बंडखोर जमीनदारांना माफी देऊन जमिनी परत केल्या. पेरणी केलेल्या माणसांना सैन्याने उठविले. माझ्या मते त्या देशाच्या इतिहासातील सर्वांत महाग पडलेली माफी ती हीच.

भूमिहीन माणूस पूर्वीच्याच मालकाच्या दारी गेला. दक्षिणेच्या विधिमंडळांनी ताबडतोब काळ्यांसाठी वेगळे कायदे केले : ज्याच्याजवळ नोकरीचा करार नाही तो भटक्या, भटक्याला दंड, दंड न भरल्यास मजुरीला जुंपणे. तेराव्या दुरुस्तीत ‘गुन्ह्याच्या शिक्षेखेरीज’ असे एक अपवादाचे पोटवाक्य आहे. त्या पोटवाक्यातून तुरुंगातील माणसे भाड्याने देण्याचा धंदा कित्येक वर्षे चालला.

आणि १८७३? त्या वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातील कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून कचेरीचे रक्षण करणाऱ्या काळ्या माणसांवर गोऱ्यांच्या टोळीने हल्ला केला आणि शरण आलेल्यांनाही मारले. मेलेल्यांची गणती कोणी नीट केली नाही. काही आरोपींवर खटला झाला. पण १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की चौदावी दुरुस्ती राज्य सरकारला बांधते, टोळीतल्या खाजगी माणसांना नव्हे. आरोपी सुटले. पुढच्या वर्षी संघराज्याचे सैन्य दक्षिणेतील सरकारांच्या पाठीशी उभे राहण्याचे थांबले. १८७५ साली खाणावळी, नाटकगृहे, आगगाड्या सर्वांना सारख्या खुल्या करणारा कायदा काँग्रेसने केला होता. तोही १८८३ साली ह्याच तर्काने रद्द झाला. १८९६ साली वेगळे पण समान, असा निकाल देऊन वेगळे डबे कायदेशीर झाले. दोन्ही खटल्यांत एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात उभे राहिले, आणि ते गुलाम बाळगणाऱ्या घरातले होते. लुइझियानात १८९६ साली १ लाख ३० हजार काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ साली १,३०० च्या आसपास उरले. वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरावयास १९५४ साल उजाडले. मिसिसिपी राज्याने तेरावी दुरुस्ती १९९५ साली मान्य केली, आणि त्याचा कागद राजधानीत रीतसर पोहोचण्यास २०१३ साल लागले.

हा सारा अभिलेख आपल्यापैकी एका माणसाने बारकाईने वाचला होता. १९१३ ते १९१६ बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९४७ साली घटना समितीपुढे ठेवण्यासाठी त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन लिहिले. त्यात सार्वजनिक जागी भेदभाव करणे गुन्हा ठरविणाऱ्या कलमांखाली, ती अमेरिकेच्या १८६६ व १८७५ च्या नागरी हक्कांच्या कायद्यांवरून घेतली आहेत, असे त्यांनी नमूद केले आहे. म्हणजे अमेरिकेच्या न्यायालयाने १८८३ साली जो कायदा केरात टाकला, तो त्यांनी उचलून घेतला. आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, रस्ते ह्यांची नावे घेऊन लिहिले आहे, आणि सतराव्या कलमात अस्पृश्यता कोणी पाळली, राज्याने की शेजाऱ्याने, असा भेद ठेवलेला नाही. मी वकील म्हणून ही कलमे जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला कोलफॅक्सची कचेरी आठवते. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्या थोर काळ्या विद्वानाला पत्र लिहून, काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. दुसऱ्याच्या खटल्याचे कागद कशासाठी मागवावयाचे असतात, हे त्यांना ठाऊक होते.

आता त्या रॉबर्ट स्मॉल्सचे पुढे काय झाले ते सांगून मी खाली बसतो. ब्यूफर्ट गावी ज्या घराच्या परसातील खोपटात तो गुलाम म्हणून जन्मला, ते मालकाचे घर कर थकल्यामुळे सरकारने विकावयास काढले आणि स्मॉल्सने ते विकत घेतले. जुन्या मालकाच्या बाजूने मालकी सांगणाऱ्याने दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७८ साली स्मॉल्सच्या बाजूने लागला. ज्या न्यायालयाने एकवीस वर्षांपूर्वी काळ्या माणसाला दावा लावण्याचाच अधिकार नाही असे म्हटले होते, तेच हे न्यायालय. स्मॉल्स दक्षिण कॅरोलिनातून अनेकदा काँग्रेसवर निवडून गेला. १८९५ साली त्या राज्याने काळ्यांचा मताधिकार काढून घेण्यासाठी नवी घटना करावयास परिषद भरविली, तेव्हा तीतील सहा काळ्या सभासदांत तो एक होता. त्याने विरोधात भाषण केले आणि त्या घटनेवर सही करण्याचे नाकारले. घटना मंजूर झाली. तो आपल्या घरी परत आला आणि त्याच घरात फेब्रुवारी १९१५ मध्ये वारला. बाबासाहेब त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये शिकत होते.